जुनी सुतारकामाची मशीन घेताना: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

बजेट कमी आहे. नवं हलकं मशीन घ्यावं की जुनं जड?

घन लाकडाचं काम करणार असाल, म्हणजे सागवानाची दारं, चौकटी, पलंग, देव्हारे, तर जुनं जड घ्या. अट एकच: त्याचं बीड (ओतीव लोखंड, कास्ट आयर्न) धड असलं पाहिजे. मोटर, बेअरिंग, बेल्ट, पाती, स्टार्टर हे सगळं नागपुरात मिळतं आणि एका दिवसात बदलता येतं. बिडाचं ओतीव टेबल आणि सांगाडा मात्र बदलता येत नाही. त्यात तडा किंवा पीळ असेल, तर वर कितीही खर्च केला तरी मशीन सरळ काम देत नाही. बीड कंपनं पिऊन घेतं. पत्र्याच्या स्टँडवरचं हलकं मशीन थरथरतं आणि ती थरथर लाकडावर लाटांसारखी उमटते. म्हणून जुन्या मशीनकडे जाताना पाहण्याचा क्रम बीड आधी, शाफ्ट नंतर, मोटर सगळ्यात शेवटी असा ठेवा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. बटण दाबतात, मोटर गुणगुणली की खूश होतात.

प्लायवूड, सनमायका आणि मॉड्युलर किचन एवढंच काम असेल, तर जड रंधा मशीन तुमच्या कामाचं नाही. तिथे गाइड रेलवर चालणारी नवी हातकरवत आणि एक चांगला राउटर जास्त उपयोगी पडतो.

पहिलं मशीन कोणतं घ्यायचं?

रंधा मशीन, म्हणजे सरफेस प्लेनर. एक बाजू सपाट आणि एक कड काटकोनात झाली की पुढचं अर्धं काम हातानेही होतं. त्यानंतर थिकनेसर (फळी सगळीकडे सारख्या जाडीची करणारं मशीन), मग टेबल सॉ (टेबलातून पातं वर येणारी करवत). करवतीचं काम तात्पुरतं हातमशीनवर भागतं, पण ९ इंच रुंद सागवानाची फळी हातरंध्याने सपाट करण्यात अख्खी सकाळ जाते. आकार १२ इंची बघा, म्हणजे तेवढी रुंद फळी घेणारं. ९ इंची स्वस्त असतं, पण दाराच्या पॅनेलला अपुरं पडतं. १८ इंचीला जागा आणि वीज दोन्ही जास्त लागतात.

नागपुरात शोधायचं कुठे?

लकडगंजपासून सुरुवात करा. लाकूड व्यापारी आणि आरागिरणीवाल्यांना कोणता कारखाना बंद होतोय आणि कोणता मिस्त्री गावी परत चाललाय, हे सगळ्यांत आधी कळतं. लाकूड घ्यायला जाल तेव्हा नुसतं विचारून ठेवा. हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीत एखादं फर्निचर किंवा पॅकिंग-पेट्यांचं युनिट बंद झालं की मशीन एकगठ्ठा निघतात. तिथे एकच मशीन मागितलं तर भाव जास्त लागतो. दोघं-तिघं मिळून गेलात तर फायदा होतो.

शहरातले पाती धार लावणारे आणि मोटर रिवाइंडिंगवाले हा दुसरा चांगला स्रोत आहे. कोणतं मशीन वर्षानुवर्षं नीट सांभाळलं गेलंय आणि कोणाची मोटर दर सहा महिन्यांनी जळते, हे त्यांना तोंडपाठ असतं. सरकारी आयटीआय आणि संस्थांच्या निर्लेखित सामानाच्या लिलावातही कारपेंटर ट्रेडची मशीन येतात. ती फार चाललेली नसतात, पण वर्षानुवर्षं ओलीत पडून गंजलेली असू शकतात. लिलावात ‘जसं आहे तिथे, जसं आहे तसं’ ही अट असते. पाहणीसाठी दिलेल्या दिवशी स्वतः गेला नाहीत, तर बोलीच लावू नका.

कबाड्याकडचं मशीन किलोच्या भावाने मिळालं तरी जपून. ते भंगारात गेलं त्याला काहीतरी कारण असतं, आणि बहुतेकदा ते कारण फुटलेलं बीड असतं.

पाहायला जाताना सोबत काय न्यायचं?

६०० मिमीची खात्रीची स्टीलची सरळपट्टी, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), गुण्या, व्हर्नियर (जाडी मोजायला), चुंबकी स्टँडसह डायल गेज (बारीक डगडग दाखवणारं काट्याचं माप), क्लॅम्प मीटर (तारेतला करंट मोजायला), टॉर्च, रॉकेल किंवा डिझेलची छोटी बाटली, चिंध्या, पांढरा खडू, ॲलन कीचा संच आणि कोरड्या सागवानाची एक फळी. फळी न्यायला विसरू नका. रिकामं चालणारं मशीन काहीच सांगत नाही. डायल गेज विकत घ्यायची नसेल तर ओळखीच्या लेथवाल्याकडून एका दिवसासाठी मागून आणा.

उन्हाळ्यात सकाळी जा. टिनाच्या शेडमध्ये दुपारी उभं असलेलं मशीन न चालवताच हाताला चटका देतं. मग बेअरिंग तापतंय की नुसतं ऊन लागलंय, हे कळायला मार्ग राहत नाही.

बिडात तडा आहे का, हे कसं ओळखायचं?

रॉकेल-खडूची जुनी पद्धत अजूनही उत्तम चालते. संशयाची जागा आधी चिंधीने आणि तारेच्या ब्रशने स्वच्छ करा. ब्रशने किंवा बोटाने रॉकेल लावा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग कोरड्या चिंधीने पूर्ण पुसून त्यावर खडू घासा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी ओली काळपट रेघ उमटते. साधा ओरखडा असेल तर रेघ उमटत नाही.

तडे कुठे शोधायचे? टेबल जिथे सांगाड्याला बोल्टने बसतं त्या कानांवर, बेअरिंगच्या घरांभोवती, बँडसॉच्या (दोन चाकांवर पट्ट्यासारखं पातं फिरणारी करवत) वरच्या चाकाच्या आधाराजवळ आणि टेबलाच्या खालच्या फासळ्यांवर. क्रेनने उचलताना साखळी चुकीच्या जागी बांधली की फासळ्या तुटतात आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून टॉर्च घेऊन खाली वाकाच.

बिडावर वेल्डिंग दिसलं म्हणून लगेच परत फिरू नका. फेन्स (लाकूड टेकवायची उभी पट्टी) किंवा गार्डच्या पट्टीवर असेल तर चालतं. बेअरिंगच्या घराजवळ किंवा टेबलाच्या आधारावर असेल तर सोडून द्या. वेल्डिंगच्या उष्णतेने बीड ताणलं जातं, टेबल वाकतं, आणि तडा बहुतेकदा शिवणीच्या शेजारून पुन्हा निघतो.

रंधा मशीनमध्ये नेमकं काय तपासायचं?

मेन स्विच बंद करा, शक्य असेल तर बेल्ट उतरवा. सगळ्यांत आधी कटर ब्लॉकचा (पाती धरून फिरणारा भाग) आकार बघा. ब्लॉक चौकोनी असेल तर ते मशीन घेऊ नका, भाव कितीही कमी असू दे. चौकोनी ब्लॉक आणि टेबल यांच्यातली फट मोठी राहते आणि हात घसरला की बोटं त्या फटीत ओढली जातात. गोल ब्लॉकवर दुखापत होतच नाही असं नाही, पण तिथे बोट खोलवर आत जात नाही. काही जुन्या मशीनवर चौकोनी ब्लॉक काढून गोल बसवता येतो. तसा ब्लॉक आणि त्याचे बेअरिंग मिळणार आहेत, याची आधी खात्री करा आणि तो खर्च किमतीत धरा.

मग पातं धरणाऱ्या पाचरी आणि त्यांचे स्क्रू बघा. स्क्रूची डोकी झिजून गोल झाली असतील किंवा एखादा स्क्रू कमी असेल, तर ते मशीन तिथे चालवून बघायचा आग्रह धरू नका. मिनिटाला चार-साडेचार हजार फेऱ्यांवर सुटलेलं पातं बंदुकीच्या गोळीसारखं जातं.

आता टेबल. मागचं टेबल हे संदर्भ धरा. सरळपट्टी मागच्या टेबलावर दाबून पुढच्या टेबलावर आणा, पुढचं टेबल वर घेऊन तिला टेकवा आणि फट कुठे राहते ते फिलर गेजने मोजा. डावीकडे, उजवीकडे, मधोमध आणि दोन्ही कर्णांवर मोजा. ०.१ मिमीपर्यंतची फट चालवून घेता येते. ०.१ ते ०.३ मिमी असेल तर गिबचे (स्लाइडमधला ढिलेपणा काढणारी पट्टी) स्क्रू आवळून किंवा स्लाइडखाली शिम (पातळ पत्रा) घालून सुधारते का ते बघा. कर्णांवर ०.३ मिमीहून जास्त पीळ असेल, तर टेबल मोठ्या ग्राइंडिंग किंवा प्लेनिंग मशीनवर न्यावं लागेल, आणि त्यात स्वस्ताईचा सगळा फायदा जातो.

शेवटी ब्लॉकचा डगडग. डायल गेजचा काटा ब्लॉकच्या गोल भागावर टेकवून हाताने एक फेरी फिरवा. ०.०५ मिमीच्या आत असेल तर उत्तम. मग ब्लॉक हाताने वर-खाली हलवून बघा. काटा झटकन उडाला तर बेअरिंग गेलंय. पण बेअरिंग गेलं म्हणून घाबरायचं कारण नाही. ६२०५ किंवा ६२०६ सारखे नंबर कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात. घाबरायचं ते शाफ्टवर बेअरिंग सैल फिरत असेल तेव्हा. शाफ्ट झिजला असेल तर नवं बेअरिंगही सैलच बसतं.

थिकनेसरची खरी परीक्षा कोणती?

एकाच पट्टीतून कापलेल्या, सारख्या जाडीच्या दोन अरुंद काठ्या घ्या. एक टेबलाच्या डाव्या कडेने आणि दुसरी उजव्या कडेने, एकाच सेटिंगवर आत घाला. बाहेर आल्यावर व्हर्नियरने मोजा. फरक ०.१५ मिमीच्या आत असेल तर टेबल आणि ब्लॉक समांतर आहेत. जास्त असेल तर आधी पाती सारखी बसली आहेत का बघा. चूक बहुतेकदा तिथेच असते. पाती बरोबर असूनही फरक राहिला, तर टेबल उचलणाऱ्या स्क्रूंपैकी एक झिजलेला आहे किंवा त्यांना जोडणाऱ्या साखळीचा एक दात घसरलेला आहे. साखळी दात धरून परत बसवता येते, फुकटात. झिजलेला स्क्रू आणि त्याचा पितळी नट लेथवर नवा करून घ्यावा लागतो.

फीड रोलर बघायला विसरू नका. पुढचा दातेरी रोलर बोथट झाला असेल तर लाकूड आत घसरतं आणि जागच्या जागी कापलं जाऊन खोल खाच पडते. फळीच्या शेवटच्या चार-पाच सेंटिमीटरला खळगा पडत असेल तर तो दोष बहुतेकदा प्रेशर बार किंवा खालच्या रोलरच्या उंचीचा असतो, आणि तो जुळवता येतो. भाव करताना मात्र तो दोष म्हणून दाखवा.

टेबल सॉ किंवा सर्क्युलरमध्ये?

पातं काढा आणि डायल गेज फ्लँजच्या (पातं ज्यावर टेकून बसतं ती चकती) तोंडावर लावा. इथे ०.०३ मिमी डगडग असेल तर १२ इंची पात्याच्या कडेला ती कित्येक पटींनी वाढून दिसते. फ्लँजवर भुशाचा डांबरासारखा थर असतो, तो खरवडून पुन्हा मोजा. अनेकदा ‘वाकलेला शाफ्ट’ म्हणजे हा थरच असतो. मग पातं लावा, एका दातावर खडूने खूण करा, आणि तोच दात पुढे आणि मागे आणून टेबलावरच्या सरळ खाचेपासूनचं (मायटर स्लॉट) अंतर मोजा. फरक ०.२ मिमीपेक्षा जास्त असेल तर पातं खाचेला समांतर नाही. मग लाकूड जळतं, आणि वाईट म्हणजे मागून उसळून अंगावर येतं.

पात्यामागची फाळणी पट्टी (रिव्हिंग नाइफ) आहे का, हे विचारा. जुन्या मशीनवर ती काढून फेकलेली असते. नसेल तर करून घ्या: पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड, पण पाडलेल्या खाचेपेक्षा बारीक, आणि दातांपासून ३ ते ८ मिमी मागे. लाकूड मागे मिटून पातं धरू लागलं की उसळी बसते. ही पट्टी ते मिटू देत नाही.

फेऱ्यांचा हिशोब नक्की करा. १४४० फेऱ्यांच्या मोटरवर ६ इंची आणि शाफ्टवर ३ इंची पुली असेल तर पातं २८८० फेऱ्यांनी फिरतं. १२ इंची पात्याच्या कडेचा वेग सेकंदाला साधारण ४६ मीटर होतो, तो ठीक आहे. पण कोणी जळलेल्या मोटरच्या जागी २८८० फेऱ्यांची मोटर बसवून पुल्या त्याच ठेवल्या असतील, तर वेग दुप्पट होतो. मोटरच्या पट्टीवरचा आकडा वाचा, पुल्या मोजा आणि पात्यावर छापलेल्या कमाल फेऱ्यांशी ताडून बघा.

एकाच मोटरवर रंधा, करवत आणि ड्रिल असलेलं कंबाइन मशीन घ्यावं का?

जागा फारच कमी असेल तरच, आणि तेही प्रत्येक कामाचा पट्टा वेगळा सोडवता येत असेल तर. रंधा मारताना बाजूला करवतीचं उघडं पातं फिरत राहणारी मशीन आजही चालतात, आणि बोटं तिथेच जातात.

बँडसॉ स्वस्त मिळतोय. परवाना लागतो का?

पैसे देण्याआधी हा प्रश्न वन विभागाला विचारा. गोल लाकूड चिरणारी आरागिरणी परवान्याशिवाय चालवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ पासूनच्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशांनंतर यावरचं नियंत्रण कडक झालं, आणि काष्ठाधारित उद्योगांसाठी केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. तुमचा बँडसॉ किती मोठा आहे आणि त्यावर काय चिरणार, यावर पुढचं अवलंबून असतं. राज्याच्या वन विभागाचं मुख्यालय नागपुरातच, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात आहे. पण तुमचं काम विभागीय कार्यालयाशी असेल. उत्तर लेखी घ्या. बंद आरागिरणीचं मशीन घेतलं म्हणजे तिचा परवाना तुमच्या नावावर आला, असं मुळीच नाही.

मशीन म्हणून पाहायचं तर दोन्ही चाकं एका पातळीत आहेत का, चाकावरचं रबर तडकलंय का, आणि ताण देणारी स्प्रिंग दबून मेली आहे का, हे बघा. पात्याची लांबी काढायचं सूत्र: दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर दुप्पट करा आणि त्यात चाकाचा व्यास गुणिले ३.१४ मिळवा. ४५७ मिमीची चाकं आणि ९०० मिमी अंतर असेल तर साधारण ३२३५ मिमी.

मोटर चांगली आहे हे कसं कळणार?

आधी नावपट्टी वाचा: एचपी, व्होल्ट, अँपिअर, फेऱ्या आणि किती अंश बाहेरच्या तापमानासाठी ती बनवली आहे. बऱ्याच मोटरी ४० अंशांसाठी असतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि टिनाखाली त्याहून जास्त. अशी मोटर पूर्ण भारावर दिवसभर चालवली तर वाइंडिंगचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. पट्टीवर ४५ किंवा ५० लिहिलं असेल तर ती आपल्याकडची मोटर समजा. ४० ची असेल तर उन्हाळ्यात दुपारी तिला विसावा द्या किंवा एक माप मोठी बसवा.

तीन फेज मोटरला पूर्ण भारावर एचपीमागे साधारण दीड अँपिअर लागतो, म्हणजे ५ एचपीला साडेसात. क्लॅम्प मीटर तिन्ही तारांवर वेगवेगळा लावा. एका फेजचा आकडा बाकी दोघांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वेगळा असेल तर वाइंडिंग किंवा पुरवठ्यात खोट आहे. नेमकं कुठे ते कळण्यासाठी तिन्ही तारा एक-एक घर पुढे सरकवून जोडा आणि पुन्हा मोजा. जास्तीचा आकडा त्याच लाइनवर राहिला तर दोष पुरवठ्याचा, मोटरच्या तारेबरोबर फिरला तर मोटरचा. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) वाइंडिंग ते बॉडी एक मेगाओहमपेक्षा कमी येत असेल तर मोटर आधी वाळवावी लागेल. पावसाळ्यात बंद पडलेल्या मोटरीत हे नेहमी दिसतं आणि बहुतेकदा वाळवून सुधारतं.

मोटर जळलेली असेल तर वाईट वाटून घेऊ नका. तो भाव पाडायचा सगळ्यांत सोपा मुद्दा आहे. रिवाइंडिंग तांब्याच्या तारेनेच करून घ्या.

माझ्याकडे सिंगल फेज आहे. तीन फेजचं मशीन चालेल का?

२ एचपीपर्यंत व्हीएफडी (सिंगल फेजवरून तीन फेज बनवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावून चालतं. पण एक गोष्ट समजून घ्या: २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर चालणारा साधा व्हीएफडी तीन फेज देतो तो २३० व्होल्टचाच, ४१५ चा नाही. म्हणून मोटर २३० वर चालणारी हवी. वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती असतात, स्टार आणि डेल्टा. लहान मोटरी बहुतेकदा ४१५ साठी स्टारमध्ये जोडलेल्या असतात. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं बाहेर आली असतील तर त्या डेल्टात जोडून २३० वर चालवता येतात. तीनच टोकं असतील तर रिवाइंडिंगवाल्याकडून बाकीची बाहेर काढून घ्यावी लागतात. ३ एचपीपासून वरच्या मोटरी बहुधा ४१५ लाच डेल्टात असतात. त्यांना ही युक्ती चालत नाही. तिथे महावितरणकडे तीन फेजचा अर्ज करणंच शहाणपणाचं.

घरगुती जोडणीवर धंद्याचा कारखाना चालवू नका. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते.

तीन फेज घेतलं की सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर पहिल्याच दिवशी लावा. एक फेज गेला की चालती मोटर उरलेल्या दोघांवर ओढत राहते आणि काही मिनिटांत जळते.

गंज किती चालतो?

हात फिरवल्यावर बोटांना लालसर भुकटी लागते, तो वरवरचा गंज. रॉकेल आणि बारीक स्टील वूलने एका दुपारी निघतो. मग टेबलाला मेण चोळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी. तेल लावू नका, ते लाकडावर उतरतं आणि पुढे पॉलिश धरत नाही. नखाला अडकणारे खड्डे पडले असतील तरी टेबल वापरता येतं, कारण लाकूड खड्ड्यांच्या वरून सरकतं. शाफ्टवर, कटर ब्लॉकच्या पात्याच्या खाचेत आणि स्लाइडवर असे खड्डे मात्र चालत नाहीत.

मशीन नव्याने रंगवलेलं आहे. काही लपवलंय का?

दसरा जवळ असेल तर खंडेनवमीच्या पूजेसाठी रंगवलं असेल, त्यात वावगं काही नाही. रंगाखाली पुट्टीचा फुगवटा आहे का, ते टॉर्च तिरपी धरून बघा. फुगवटा बेअरिंगच्या घराजवळ असेल तर विक्रेत्यासमोर तिथला रंग खरवडायची परवानगी मागा. दिली नाही तर उत्तर मिळालं.

भाव कसा ठरवायचा?

त्याच आकाराच्या नव्या मशीनचं कोटेशन आधी हातात ठेवा. दुरुस्ती आणि वाहतुकीसह एकूण खर्च नव्याच्या साठ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. समजा, नवं ९०,००० चं आहे. तुमची मर्यादा ५४,०००. आता खर्च मांडा: बेअरिंग आणि मजुरी २,५००, पातींचा जोड २,५००, बेल्ट ८००, स्टार्टर २,५००, रिवाइंडिंग ४,५००, वाहतूक ४,०००. झाले १६,८००. म्हणजे विक्रेत्याला जास्तीत जास्त ३७,२००. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही दुकानात विचारून भरा. मात्र हिशोब कागदावर लिहून न्या. विक्रेत्यासमोर एकेक दोष आणि त्याची रक्कम ठेवली की घासाघीस चिडचिडीशिवाय होते.

पीएम विश्वकर्मा योजनेचं १५,००० रुपयांचं टूलकिट व्हाउचर यात धरू नका. ते ठरलेल्या केंद्रांवर अवजारांसाठी आहे. त्याच योजनेतलं पाच टक्के व्याजाचं कर्ज (पहिला टप्पा एक लाखापर्यंत) हा वेगळा विषय. जुन्या मशीनसाठी ते देतील का, हे बँकेत आधी विचारा.

कागदपत्रं कोणती घ्यायची?

बिल किंवा सही केलेलं विक्रीपत्र, त्यावर मशीनचा आणि मोटरचा नंबर. विक्रेत्याने मशीन कर्जावर घेतलं असेल तर ते बँकेकडे तारण असतं. कर्ज फिटल्याचा बँकेचा ना-देय दाखला पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. रायपूर किंवा जबलपूरहून आणत असाल तर राज्याची हद्द ओलांडता. मालाची किंमत ५०,००० च्या वर गेली की ई-वे बिल लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाखाची आहे.

आणायचं कसं?

१२ इंची रंधा मशीन अडीच-तीनशे किलोच्या घरात असतं, छोट्या हत्तीत येतं. मोटर, फेन्स आणि गार्ड काढून वेगळं बांधा. उचलताना पट्टा सांगाड्याला लावा. टेबलाला कधीच लावू नका, तपासताना सरळ असलेलं टेबल याच कारणाने घरी येईपर्यंत वाकतं. बँडसॉ वरून जड असतो, तो गाडीत उभा असेल तर चारही बाजूंनी ताणून बांधा. दुकानात सरकवायला दीड इंची पाइपचे तीन तुकडे पुरतात. जागेवर ठेवल्यावर पाणसळ लावूनच बोल्ट आवळा. फरशी उंचसखल असताना बोल्ट आवळले तर सांगाडा पिळला जातो आणि टेबलही.

भुशाचं काय?

कठीण लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून अधिकृतपणे नोंदलेली आहे. ४ इंची पाइपमध्ये हवा सेकंदाला २० मीटर वेगाने ओढली गेली तर भुसा खाली बसत नाही. त्यासाठी तासाला साधारण ५६५ घनमीटर हवा ओढणारा ब्लोअर लागतो. जुना घेताना पंखा बाहेर काढून पाती झिजली आहेत का बघा. नसेल परवडत तर निदान चांगला मास्क आणि उघडं शटर.

मशीनसोबत मिळालेली जुनी पाती वापरावीत का?

रंध्याच्या पातींचं वजन करा. एकाच ब्लॉकमधल्या पाती स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एक-दोन ग्रॅमपेक्षा जास्त वेगळ्या निघाल्या, तर त्या वेगवेगळ्या जोडांतल्या आहेत आणि ब्लॉक थरथरणार. धार लावून रुंदी इतकी कमी झाली असेल की पाचर पात्याला पूर्ण धरत नाही, तर ती फेकून द्या. करवतीच्या टीसीटी (कार्बाइडचे दात असलेल्या) पात्याचा एकही दात तुटलेला असेल किंवा दातांच्या खाचेपासून निघालेला तडा असेल तर तेही. पातं मध्ये बोट घालून हवेत धरा आणि लाकडाच्या तुकड्याने हलकेच वाजवा. धड पातं टणकन वाजतं, तडकलेलं थप्प.